जळणाची मदत आणि मजुरीचा हक्क



2024 चा पावसाळा आठवतो. सकाळी ऑफिसचं कुलूप काढायच्या आधीच पायरीवर बायका येऊन बसलेल्या असायच्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक. कुणाचं नाव आधारवर एक आणि पासबुकावर दुसरं, कुणाचं खातं आधारशी जोडलेलंच नाही, कुणाचा गॅस नवऱ्याच्या नावावर. महिना-दोन महिने आम्ही कार्यकर्त्यांनी दुसरं काही कामच केलं नाही म्हटलं तरी चालेल. एकीकडे लाडकी बहीण योजनेचे फॉर्म, दुसरीकडे वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणाऱ्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेसाठी गॅस बाईच्या नावावर करून घेण्याची खटपट.

त्या रांगेत एक बाई होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. काम बचत गटाच्या नावावर, राबणाऱ्या मात्र दोघीच. मी तिला समजावून सांगत होते की सिलिंडर घेताना पूर्ण पैसे भरायचे, मग सरकार ते तुमच्या खात्यात जमा करील. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आधी साडेआठशे रुपये भरायचे आणि मग परत मिळायचे. साडेआठशे एकदम हातात असते, तर ही फुकटची योजना मला कशाला लागली असती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फॉर्म भरून झाला, ती गेली, पण प्रश्न तिथेच राहिला. तिने एका वाक्यात दोन गोष्टी जोडल्या होत्या, ज्या आपण चळवळीतही वेगवेगळ्या फायलींत ठेवतो: चुलीखालचं जळण आणि हातातली मजुरी. या वेळचं संपादकीय त्या जोडणीविषयी आहे.

आधी जळणाचा हिशेब पाहू. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरातल्या प्रौढ स्त्रीच्या नावावर गॅसचं कनेक्शन, त्यासाठी सरकारकडून 1600 रुपये. आठ कोटींचं उद्दिष्ट 7 सप्टेंबर 2019 ला पूर्ण झालं आणि ते आठ कोटीवं कनेक्शन पंतप्रधानांनी आपल्याकडेच, तेव्हाच्या औरंगाबादेत, बचत गटांच्या महिलांच्या मेळाव्यात दिलं. पुढे 2021 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि देशातल्या उज्ज्वला कनेक्शनांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेली. ही गोष्ट लहान नाही. धुराने डोळे चुरचुरणं, खोकला, पावसाळ्यातलं ओलं सरपण, डोक्यावर मोळी घेऊन केलेली मैलोन्मैल पायपीट हे सगळं ज्यांनी भोगलंय त्यांना शेगडीची किंमत सांगावी लागत नाही.

पण शेगडी घरात येणं वेगळं आणि ती रोज पेटणं वेगळं. सरकारचेच आकडे सांगतात की 2019-20 साली उज्ज्वलातल्या घराने सरासरी तीन सिलिंडर भरले. 2023-24 मध्ये ही सरासरी चारच्या जवळ गेली, 2024-25 मध्ये साडेचारच्या आसपास. ज्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर होतो तिथे सिलिंडर दीड-दोन महिन्यांत संपतो हे आपण घरोघरी पाहतो. म्हणजे या घरांत वर्षातले बरेच दिवस चूलच पेटते आहे. पाहुणे आले, चहा करायचा असला, बाळाचं दूध तापवायचं असलं की गॅस. भाकरी मात्र चुलीवर.

का? तर दर पाहा. मार्च 2023 मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर 1102 रुपये 50 पैशांना होता. ऑगस्ट 2023 च्या अखेरीस 200 रुपये उतरले, 2024 च्या महिला दिनाला आणखी 100 उतरले, एप्रिल 2025 मध्ये 50 चढले आणि दर 852 रुपये 50 पैसे झाला. उज्ज्वलाच्या बायकांना मे 2022 पासून सिलिंडरमागे 200 आणि ऑक्टोबर 2023 पासून 300 रुपये अनुदान मिळू लागलं. 2025-26 साठी ते वर्षाला नऊ सिलिंडरपुरतं मर्यादित केलं गेलं. त्याच काळात रेशनचं रॉकेल मात्र गुपचूप हातातून गेलं. जुलै 2016 पासून रॉकेलचा दर थोड्या थोड्या पैशांनी चढवत नेला आणि मार्च 2020 पर्यंत त्यावरचं अनुदान शून्यावर आणलं. महाराष्ट्रात ज्या घरी गॅस आला त्या घराचं रॉकेल तर बंदच झालं. शेवटच्या आठवड्यात गॅस संपला की पूर्वी स्टोव्ह होता, आता थेट काटक्या. रॉकेलसाठी रांगा लावलेल्या आणि 1972 नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या आपल्या आधीच्या पिढीच्या बायकांना हा बदल नीट कळला असता. आपल्या हे लक्षात यायलाही वेळ लागला.

अन्नपूर्णा योजना याच दुखण्यावरचा उतारा म्हणून आली. जुलै 2024 च्या अखेरीस निघालेल्या शासन निर्णयाप्रमाणे उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीण योजनेच्या पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत. अटी तीन: कनेक्शन बाईच्या नावावर हवं, एका रेशन कार्डावर एकच लाभ, आणि पैसे आधी भरायचे, मग परत मिळायचे. पहिली अट मला मनापासून आवडली. तिच्यामुळे कित्येक घरांत गॅस पहिल्यांदा बाईच्या नावावर झाला आणि नवऱ्यांना एजन्सीत जाऊन सही करावी लागली. तिसऱ्या अटीने मात्र जिच्यासाठी योजना, तिलाच बाहेर ठेवलं. सावकाराकडून किंवा गटातून उसने घेऊन सिलिंडर भरायचा आणि खात्यात पैसे कधी पडतात म्हणून बँकेच्या चकरा मारायच्या. ज्या घरात शिल्लक आहे त्याला ही योजना सोपी, जिथे शिल्लक नाही तिथे अवघड.

आता शिल्लक का नाही ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशाने देशभरच्या सरकारी शाळांत शिजवलेलं अन्न देणं बंधनकारक झालं. हे अन्न शिजवणाऱ्या देशातल्या सुमारे पंचवीस लाख माणसांत बहुसंख्य बायका आहेत. त्यांत विधवा, टाकलेल्या, भूमिहीन घरांतल्या अनेक. केंद्र सरकारने त्यांच्यासाठी डिसेंबर 2009 मध्ये महिना 1000 रुपये ठरवले, त्यातले 600 केंद्राचे. तेही वर्षातल्या दहा महिन्यांपुरते, जणू उन्हाळ्याच्या सुटीत पोट बंद असतं. 2025 साल उजाडलं तरी केंद्राचा हा आकडा हलला नव्हता. महाराष्ट्राने आपली भर घालून 1500 केले आणि 2023 मध्ये 2500. केरळने स्वतःच्या तिजोरीतून महिन्याला दहा हजारांच्या वर दिले, म्हणजे देता येतात.

अडीच हजारांना शाळेच्या पंचवीस दिवसांनी भागा. दिवसाला शंभर रुपये. एप्रिल 2025 च्या मुंबईच्या दराने एक सिलिंडर म्हणजे या बाईची साडेआठ दिवसांची कमाई. त्याच वर्षी रोजगार हमीवर महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये मजुरी होती. तिथे माती उचलणाऱ्या बाईला तोच सिलिंडर तीन दिवसांच्या आत मिळतो. सरकार म्हणतं, हे पूर्णवेळ काम नाही, तीन-चार तासांचं आहे. मग तास मोजू या. पाणी भरणं, तांदूळ निवडणं, डाळ-भाजी चिरणं, शिजवणं, शंभर पोरांना वाढणं, पातेली घासणं, जागा झाडून काढणं. सकाळी गेलेली बाई दुपार उलटल्यावर घरी येते. या दिवसात तिला दुसरीकडे शेतावर रोजंदारी मिळत नाही, कारण मुकादम अर्ध्या दिवसाची बाई घेत नाही.

आणि आणखी एक आकडा, जो माझ्या मनातून जात नाही. 2023 पर्यंत महाराष्ट्रात ही बाई महिनाभर शाळेचा स्वयंपाक करून 1500 रुपये मिळवत होती. 2024 मध्ये लाडकी बहीण म्हणून राज्याने बायकांना महिना 1500 रुपये द्यायला सुरुवात केली. बहिणीला ओवाळणी जेवढी, तेवढीच कामाची मजुरी! लाडकी बहीणचे पैसे कुणाला मिळू नयेत असं मी म्हणत नाही. मी एवढंच विचारते की बाईच्या श्रमाची किंमत भाऊबीजेच्या मापाने का मोजायची?

यामागे एक शब्द आहे: मानधन. अंगणवाडीच्या बाईला मानधन, आशाताईला मानधन, शाळेच्या स्वयंपाकीणबाईला मानधन. मान द्यायचा आणि धन आखडायचं, असा या शब्दाचा व्यवहार आहे. वेतन म्हटलं की किमान वेतनाचा कायदा लागतो, रजा लागते, निवृत्तीनंतरची सोय लागते. मानधन म्हटलं की ती 'स्वयंसेविका' होते आणि सगळे कायदे दाराबाहेर राहतात. 2013 मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना एकत्र बसणाऱ्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की योजनांवर राबणाऱ्या या बायकांना कामगार म्हणून मान्यता आणि किमान वेतन द्यावं. त्यानंतर 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतनसंहितेसह चार नवे कामगार कायदे लागू झाले, पण मानधन हा शब्द काही पुसला गेला नाही.

न्यायालयं मात्र याबाबतीत बरीच स्पष्ट बोलली आहेत. 1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाड स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं म्हणजे वेठबिगारी, आणि घटनेच्या 23 व्या कलमाने ती निषिद्ध आहे. गरजेपोटी माणूस कमी पैशांवर 'राजीखुशीने' आला तरीही. डिसेंबर 2020 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हाच न्याय शाळेतल्या स्वयंपाकी बायकांना लावला: महिना हजार रुपये देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे आणि ती सरकार स्वतः करतं आहे.

जळण आणि मजुरी एकमेकांत कशी गुंतली आहेत हे पाहायचं असेल तर शाळेच्या स्वयंपाकखोलीतच जावं लागतं. मे 2025 पासून प्राथमिकच्या एका मुलामागे रोजचा खर्च 6 रुपये 78 पैसे धरला आहे. धान्य वेगळं मिळतं, पण डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी हे पावणेसात रुपये. म्हणजे गॅस महागला की तो भाजीला खातो. आणि आमच्या गावोगावच्या मैत्रिणी सांगतात की हे पैसेही वेळेवर येत नाहीत. किराणा दुकानात उधारी बाईच्या नावावर, सिलिंडर तिच्या घरचा, नाहीतर तीन दगडांची चूल मांडून सरपण तिनेच गोळा केलेलं. घरी धूर नको म्हणून सरकारने शेगडी दिली, आणि सरकारच्याच शाळेत ती बाई धुरात बसली. सरकारची योजना चालावी म्हणून महिना अडीच हजार मिळवणारी बाई सरकारला बिनव्याजी कर्ज देते आहे, हे कुणाच्या हिशेबात धरलंय?

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर आणखी वेगळं. दिवाळीनंतर बीडमधून, आसपासच्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडं निघतात. उज्ज्वलाचा सिलिंडर गावाकडच्या कुलूपबंद घरात आणि कोपीपुढे तीन दगडांवर पाचट-काटक्यांची चूल. पहाटे उठून स्वयंपाक करून, दिवसभर ऊस तोडून, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणाऱ्या या बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब मुकादमाच्या वहीत. गॅस बाईच्या नावावर करणाऱ्या सरकारला मजुरी बाईच्या नावावर करायला कोणी अडवलंय?

आपल्यातच याबद्दल दोन मतं आहेत, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काही मैत्रिणी म्हणतात, हे फुकट वाटप मतांसाठी आहे, यात बाईचा अपमान आहे, आपण फॉर्म भरायलाच नकोत. दुसऱ्या म्हणतात, गरीब बाईच्या हातात पहिल्यांदा काही पडतंय, त्यावर टीका करू नका, मिळालेलंही जाईल. मला पहिल्या मैत्रिणींना सांगायचंय की धुरातून सुटका ही भीक नाही. 2019 च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे रोज 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जात होते, पुरुषाची 97. हे श्रम देशाच्या उत्पन्नात कुठेच धरले जात नाहीत. 1988 च्या 'श्रमशक्ती' अहवालाने बाईच्या पगारी आणि बिनपगारी सगळ्या कामाला काम म्हणा असं सांगितलं होतं. तेव्हा जळणावरची सवलत म्हणजे त्या थकलेल्या बाकीतला एक छोटा हप्ता आहे. तो घ्यायला लाज कसली?

दुसऱ्या मैत्रिणींना मी महाराष्ट्राचा दुष्काळ आठवायला सांगते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या हजारो बायकांनी मोफत अन्न मागितलं नव्हतं, काम आणि कामाचा दाम मागितला होता. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. आणि 1983 मध्ये राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे 'मदतकार्य' आहे असं सांगून किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. एखाद्याचं भलं करतोय म्हणून त्याच्या श्रमाचे पैसे कापायचे, हे घटनेला मान्य नाही. मला वाटतं आपली भूमिका यातच आहे. मदत घ्यायची, पण ती मजुरीच्या जागी घ्यायची नाही. मदत सरकार बदललं की आटते, निवडणूक झाली की अटी वाढतात, यादीतून नाव गळतं. मजुरी हक्काची असली तर ती मागायला बाईला कुणाची लाडकी व्हावं लागत नाही.

आणि हे सगळं सरकारला सुनावताना मला माझं घर आठवतं. माझ्याकडे भांडी-फरशीला येणारी बाई गेली अकरा वर्षं येते. गॅस महागला तेव्हा मी मोर्चात होते, पण तिचा पगार वाढवायचं माझ्या मनात आलं नाही, तो तिनेच बिचकत बिचकत मागितला. महाराष्ट्रात 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा आहे, मजुरीच्या दराचा नाही. दर आपणच, सोसायटीतल्या बायका-बायका, दुपारच्या गप्पांत ठरवतो. 'आमच्याकडे एवढेच देतात' हे वाक्य मीही बोलले आहे. मग सरकारने मानधन म्हटलं तर मी कोणत्या तोंडाने हसू?

म्हणून काही मागण्या चर्चेसाठी ठेवते. सिलिंडरची सवलत एजन्सीतच किमतीतून वजा व्हावी, आधी भरा मग मिळवा हे बंद व्हावं. ज्यांना एकदम मोठी रक्कम जमत नाही त्यांना पाच किलोचा छोटा सिलिंडर गावात मिळावा, आणि स्थलांतर केलेल्या बाईला जिथे ती असेल तिथे. शाळेच्या इंधनाचे पैसे मुलांच्या भाजीतून काढू नयेत, ते वेगळे आणि आगाऊ द्यावेत. स्वयंपाकी बायकांना बारा महिने, ठरलेल्या तारखेला, किमान वेतन मिळावं आणि कागदावर त्याला वेतनच म्हणावं. ऊसतोडीत बाईची मजुरी तिच्या नावावर, तिच्या खात्यात जावी. घरकामाला तासाचा किमान दर ठरावा.

मोर्चा काढायचा तर हातात हिशेब हवा. आपल्या गटातल्या निदान पाच बायकांबरोबर बसून एका महिन्याचा तक्ता करा: किती तास काम केलं, पैसे कोणत्या तारखेला आणि किती मिळाले, सिलिंडर कधी भरला, त्यासाठी उसने घेतले का, चूल किती दिवस पेटली, सरपणाला किती वेळ गेला. शाळेत शिजवणाऱ्या असतील तर उधारी किती थकली तेही लिहा. नावं लिहू नका, गाव-तालुका पुरे. पोस्टकार्डावर आलं तरी चालेल. पुढच्या अंकात आपण ते छापू आणि तेच घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात जाऊ.

त्या बाईला मी अजून भेटते. गेल्या खेपेला ती म्हणाली, "तीन सिलिंडर मिळाले ताई, एक महिना उशिरा का होईना पैसे आले." मी म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, "शाळेचे मात्र अजून आले नाहीत." आणि पदराने कपाळ पुसून शाळेकडे वळली. दुपारच्या घंटेची वेळ होत आली होती, पोरं जेवायची थांबली असती.